विहिरीजवळचं तास

चैत्राचं ऊन आर्वीच्या टिनांवर तापत होतं आणि वर्षाली तव्यावरची पोळी उलटत होती, तेव्हा आंजीहून धनंजयचा फोन आला. धनंजय तिच्या पाठचा भाऊ. शिकला, पण नोकरीमागे पळाला नाही. वडिलांच्या, अण्णाजींच्या बरोबरीनं वावरात उतरला. माय गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याला ब्लॉगचा नाद लागला. घरात कॉम्प्युटर आला, फोनची तार जोडली, आणि 'धुऱ्यावरून', म्हणजे बांधावरून, या नावानं तो आपल्या शेतीची हकीकत इंटरनेटवर लिहू लागला. कुठल्या कुठल्या गावचे लोक ती वाचायचे आणि खाली आपलं मत टाकायचे.

आता नागपूरच्या एका साप्ताहिकाला ते लिखाण आवडलं होतं. दर आठवड्याला छापू म्हणाले होते. त्याआधी ताईनं एकदा सगळं नजरेखालून घालावं, असं त्याचं म्हणणं होतं. वर्षाली आर्वीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची.

"पोरींचे निबंध तपासते नं तू, तसंच तपास," तो म्हणाला. "जमेची बाजू कोनती, उणी कोनती, सारं लिहून दे. भाऊ आहे म्हनून सोडजो नोको."

तिनं हो म्हटलं. बाबा कसे आहेत विचारलं. बरे आहेत, म्हणाला. भावजय कशी आहे विचारलं. दिपालीही बरी होती. मग येऊन जा एकदा, हे शब्द त्याच्या तोंडून निघतील म्हणून तिनं फोन जरा जास्तच वेळ कानाशी धरून ठेवला. पण तिकडे कोणाची तरी हाक आली आणि बोलणं तिथंच मिटलं. तव्यावरची पोळी करपून गेली.

आर्वीहून आंजी काही सातासमुद्रापार नाही. वर्ध्याच्या गाडीत बसलं की मध्येच लागतं. त्यात वर्षालीचा नवरा नीलेश एस.टी.च्या डेपोत होता, गाड्या सोडण्याचं काम त्याचं. तिच्या माहेरच्या फाट्यावरून दिवसभर जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना हाच माणूस शिट्टी द्यायचा. आणि तरी माय गेल्यापासून वर्षाली आंजीला गेली होती ती फक्त वर्षश्राद्धाला आणि धनंजयच्या लग्नाला, पाहुण्यासारखी. सकाळी गेली, संध्याकाळी परतली.

शाळेला सुट्या लागल्या होत्या. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असायची. दुपारी ती तिथं जाऊन बसली. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, कागद घेतला, मधोमध उभी रेघ ओढली आणि भावाचं वावर उघडलं.

वाचताना तिला पहिला आनंद झाला तो धन्याच्या खरेपणाचा. फसलेलं तो लपवत नव्हता. कोणती फवारणी वाया गेली, कोणाच्या नादी लागून कोणतं बियाणं घेतलं आणि कसं पस्तावलो, सोयाबीन सोंगायला दोन दिवसांचा आळस केला आणि शेंगा कशा वावरातच तडकल्या, हे सगळं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं. ज्याला आपली चूक जगाला दाखवता येते त्याच्यावर वाचणारा विश्वास टाकतो, असं तिनं रेघेच्या डावीकडे लिहिलं. फोटो स्वच्छ होते. किडीचा फोटो असा, की पानामागं बसलेली ती चोरटी जात कोणीही ओळखावी. आर्वीच्या बाजारातला भाव तो वेळेवर टाकायचा. वाशीमचा, हिंगणघाटचा, कोण कोण माणूस त्याला प्रश्न विचारायचा आणि हा प्रत्येकाला उत्तर द्यायचा, हेही तिनं लिहिलं.

मग उजवी बाजू. प्रत्येक लेखाची सुरुवात 'शेतकरी बांधवांनो', जसा काही हा माणूस जन्मभर मंचावरच उभा आहे. मध्येच सरकारी पत्रकातला उतारा जसाच्या तसा, खताच्या पोत्यावर छापलेल्या भाषेत. घरच्या गाईच्या दुधात कोणी डेअरीची पावडर मिसळावी तसं ते लागायचं. हे वाक्य तिचं तिलाच आवडलं.

आणि आणखी एक उणं. ते तिला वाचता वाचता टोचत गेलं. सबंध ब्लॉगात बाई नव्हती. 'टोबणी पूर्ण झाली.' 'निंदण आटोपलं.' 'पहिली वेचणी झाली.' कोणी केली? वाकून वाकून सरकी कोणी टोबली, गवत कोणी उपटलं, बोंडांच्या टोकांनी बोटं कोणाची चिरली? देवकाबाई, अनुसयाबाई, ज्यांच्या ओटीत धन्या लहानपणी शेंगा मागत फिरला, त्यांचं नाव एकदाही नाही. तिनं जोर देऊन लिहिलं : कापूस काय आपल्या पायानं घरी चालत आला?

असं लिहीत लिहीत ती मागच्या पावसाळ्यातल्या लेखांपाशी पोचली, आणि तिथं तो फोटो होता.

विहिरीच्या कठड्यावर उभं राहून काढलेला. कापसाची पऱ्हाटी अंगावर आली होती, हिरवीगार, ओळीत ओळ, दूर निंबाच्या झाडापर्यंत. पण विहिरीजवळच्या कोपऱ्यात, सगळ्या हिरव्यातून, एक काळी पट्टी सरळ गेली होती. भांगासारखी. एक अख्खं तास, पिकाची एक पुरी ओळ, रिकामं.

खाली लोकांनी धन्याला चांगलंच धरलं होतं. नांग्या काऊन नाही भरल्या, रिकाम्या जागी पुन्हा टोबलं काऊन नाही, एकानं विचारलं होतं. बियाणं बोगस निघालं का, दुसरा. तिसऱ्यानं सल्ला दिला होता की दुसऱ्याला शिकवण्याआधी आपलं वावर भरून घ्यावं. धन्यानं उत्तर दिलं होतं : 'आमच्या वडिलांच्या हातून राहून गेलं. पुढच्या हंगामात दुरुस्ती करू.'

वर्षालीची लेखणी तिथं थांबली. कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता, तेही तिला उशिरा कळलं.

ते तास तिचं होतं.

त्यांच्या घरात तशी रीत होती. आजीची होती, मायनं चालवली. पुरुष पऱ्हाटीसाठी आडव्या-उभ्या रेघांची फुली पाडायचे, बाया फुलीवर सरकी टोबायच्या, आणि विहिरीजवळचं एक तास माय कोणाला टोबू द्यायची नाही. तिथं ती आपल्या हातानं मूग टाकायची, मध्ये मध्ये बरबटी, म्हणजे चवळी. लेकीचं तास. त्यातली शेंग घरच्या कोणी तोडायची नाही. ती पिकायची लेकीसाठी, आणि लेकीनं ती आपल्या हातानं तोडून सासरी न्यायची. लग्नाआधी वर्षालीला याचं हसू यायचं. लेक घरातच आहे, आणि माय तिच्या जाण्याचं पेरून राहिली आहे. माय वाकलेली असायची आणि बोलता बोलता गायची :

*साऱ्या वावरात बाई, पऱ्हाटी ती पऱ्हाटी*
*एक तास शेंगाचं गं, माह्या वर्षेसाठी*

*वाऱ्या रे बापा, हळू चाल शेंगेवर*
*लेक माही येनार, बैलाच्या सणावर*

लग्न झाल्यावर त्या तासाचा अर्थ कळला. पोळा जवळ आला की विमलाबाई, तिची माय, आंजीच्या फाट्यावर येऊन उभी राहायची आणि आर्वीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगायची, डेपोतल्या आमच्या जावायाले सांगा, शेंगा भरल्या म्हना. बस, एवढंच. ये म्हणून नाही, आठवण येते म्हणून नाही. नीलेश घरी येऊन दारातूनच सांगायचा, शेंगा भरल्या गं, आणि वर्षालीची पिशवी त्याच्या आधीच खुंटीवरून खाली आलेली असायची.

माय गेली. त्या वर्षी पोळा आला आणि गेला, निरोप आला नाही. पुढच्याही वर्षी नाही. वर्षालीनं मनाशी धरून घेतलं, की तिच्या तासात आता पऱ्हाटी लागली असेल. वावर कोणासाठी रिकामं ठेवतं का? जमिनीला काय, जे टाकलं ते उगवतं. न बोलावता लेकीनं जायचं तरी कसं? निंदताना बाया गायच्या ते तिला आता आठवायचं. तेव्हा ते नुसतं गाणं वाटलं होतं :

*मायच्या माघारी, वाट नाई बंद झाली*
*बोलवनारी हाक तेवढी, मातीआड गेली*

पण तिथं पऱ्हाटी नव्हती. तिनं फोटो मोठा करून पाहिला. मूगही नव्हता. आणि गवत? ऐन पावसाळ्यात मोकळी राहिलेली काळी जमीन गवतानं माजून जाते. या पट्टीत गवताची काडी नव्हती. गवत काढायचा डवरा फिरवलेला दिसत होता, ढेकळं फोडलेली होती. पेरलं कोणी नव्हतं, पण निगा कोणीतरी ठेवली होती. पाहुण्याची वाट पाहत झाडून ठेवलेल्या ओट्यासारखी.

 मग कागदाच्या उजव्या बाजूला, उण्याच्या खाली, तिनं शेवटचं वाक्य लिहिलं : 'विहिरीजवळचं तास रिकामं आहे ते दिसतं. पण ते कोणाचं आहे, हे लिहिलेलं नाही.'

घरी नीलेशला तिनं सगळं सांगितलं. तो चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, की उद्या सकाळची गाडी मोकळीच असते, जाऊन विचारून ये.

"न बोलावता?"

"मंग आता शेंगांनीच येऊन बोलवाव का तुले?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्यानं बशी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच निवत राहिला.

तपासलेलं सगळं तिनं टाइप करून धाडलं. चार-सहा दिवसांनी धनंजयचा फोन आला. आधी हसला. दुधातल्या पावडरीवर खूप हसला, ते तो दिपालीला वाचून दाखवत होता म्हणे. बायांच्या नावाचं मात्र त्याला लागलं होतं. खरं आहे ताई, म्हणाला, मले दिसलंच नाई. मग आवाज बदलून म्हणाला, की त्या तासाचं राहू दे. ते बाबांचं खूळ आहे. माय गेल्यापासून ते तिथं कोणाला हात लावू देत नाहीत, स्वतः डवरा मारतात आणि सोडून देतात. लोक ब्लॉगवर हसतात. आता साप्ताहिकाचे लोक फोटो घ्यायला येतील, तेव्हा यंदा तो तिथं पऱ्हाटीच लावणार होता.

वर्षालीनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ते तास माहं आहे, धनू."



"मायचे मूग होते ते," तो सावकाश म्हणाला. "मले वाटलं, मायसंगच संपलं." आणि मग, जरा चिडून, "तुहं होतं तर तू आली काऊन नाई मंग? बैलाचे दोन पोये गेले. बाबा गाडीच्या टायमाले फाट्यावर जाऊन बसत. मले वाटे, ताई आता शायेत मोठी झाली, तिले कायची आंजी."

"बोलावलं कोनी?"

"आपल्या घरी याले बोलावा लागते का?"

"लागते," वर्षाली म्हणाली. "लेकीले लागते."

 मागं खाट करकरली, कोणीतरी उठलं, आणि फोनवर अण्णाजींचा श्वास आला. आधी श्वासच आला. ते फोनवर बोलणारे गृहस्थ नव्हते. बोलायचं झालं तर फार दूर आहोत असं समजून मोठ्यानं बोलायचे. आज मात्र हळू बोलले.

"मी टाकले असते मूग, बाई. माह्या हातानं उगवते, पन ते लेकीचं तास होत नाई. ते बाईच्या हातचं लागते. म्हनून मोकयं ठेवलं."

बस. फोन त्यांनी खाली ठेवला तो उलटा ठेवला असावा, कारण बराच वेळ वर्षालीला आंजीच्या घरातले आवाज ऐकू येत राहिले. भांडं घासल्याचा. कोंबडीला हाकललं त्याचा. ती ऐकत उभी राहिली.

सुनेला कोणी सांगितलंच नव्हतं, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं. दिपाली पुलगावच्या किराणा दुकानदाराची मुलगी. सासू पाहिलीच नाही. तिनं मूग पाहिले ते पोत्यात आणि मापात. सासऱ्यानं सुनेला सांगायचं नाही, भावाला माहीत नाही, आणि लेकीनं आपल्या तोंडानं मागायचं नाही. असं ते तास तिघांच्या मर्यादेत अडकून काळं राहिलं होतं. आता तरी धनू तिला सांगेल का? की गप्प राहून पऱ्हाटी लावेल? वर्षालीनं पुन्हा फोन केला नाही. मागून घेतलेली हाक, हाक नसते.

मृग उलटून गेल्यावर पेरण्या झाल्या. 'धुऱ्यावरून' साप्ताहिकात छापून येऊ लागलं. धनंजयनं ताईनं काढलेलं एकूण एक उणं मनावर घेतलं होतं. 'शेतकरी बांधवांनो' गेलं. पहिल्याच लेखात देवकाबाई होती. तिची टोबणी किती सरळ चालते, ती सरकी टाकताना अंगठ्यानं माती कशी ओढून घेते, आणि दुपारच्या जेवणात तिच्या ठेच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. वर्षालीला वाचून उजळ वाटलं. पोरगं शिकलं, तिला वाटलं.

पण विहिरीजवळचं तास कुठंच नव्हतं. ना लेखात, ना फोटोत. शनिवारी शाळा सुटली की ती कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसायची. आषाढातल्या फोटोत विहीर होती, पण फोटो तिथंच कापलेला. श्रावणातल्या फोटोत निंब होता, पऱ्हाटी होती, आणि कडेला, जिथं ते तास असायला हवं, तिथं अनुसयाबाई विळा घेऊन उभी. ज्या बाईला फोटोत आण म्हणून तिनंच सांगितलं होतं, तीच बाई आता आडवी आली होती. वर्षालीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाई, जरा सरक ना, ती पडद्यावरच्या अनुसयाबाईला म्हणाली.

पोळा तोंडावर आला. बाजारात बैलांचे साज टांगले गेले, झूल, मोरक्या, रंगाच्या पुड्या. वर्षालीनं पिशवीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ती खुंटीवर होती, असू दे. त्या दुपारी ती निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. दारात सावली पडली. नीलेश. ड्युटीच्या मधूनच आला होता, शिट्टी अजून गळ्यात.

"वर्ध्याच्या गाडीचा कंडक्टर आलता," तो म्हणाला. "आंजीच्या फाट्यावर एक बाई उभी होती म्हने. गाडी थांबवली, चढली नाई. नुसती म्हने, डेपोतल्या आमच्या जावायाले सांगा."

वर्षालीच्या बोटातले तांदूळ ताटात पडले.

"काय सांगा?"

"शेंगा भरल्या म्हना."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर अण्णाजी बसलेले होते. तिला उतरताना पाहून उठले, पिशवी हातातून घेतली, आणि पुढं चालू लागले. घरी न जाता थेट वावराकडे. ती मागून चालली. 

विहिरीजवळ मूग होता. मूग कसला, रानच. दिपालीनं दुकानातल्या मापाच्या हिशेबानं मूठमूठ भरून टाकला होता, त्यामुळे झाडाला झाड चिकटून नुसती दाटी झाली होती. बरबटीचे वेल मुगावर चढून पऱ्हाटीत शिरले होते. पानं उदंड, शेंगा मध्ये मध्ये. दाटी उपटून विरळ करायला धनू दोनदा निघाला, पण बाबांनी त्याला त्या तासात पाय ठेवू दिला नाही म्हणे. तासाची रीत आणि फाट्यावर द्यायचा निरोप तिनं देवकाबाईला विचारून घेतला होता. हे सगळं दिपालीनंच सांगितलं. ती धुऱ्यावर उभी होती, पदर खोचून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहिलेली मुलगी जशी.

"यांच्या लिहिन्यातलं उणं तुम्ही बराबर काढलं, ताई," ती म्हणाली. "आता माह्यं सांगा. तुमच्या मायसारखं झालं का?"

वर्षाली तासात उतरली. मायचं तास कसं असायचं, ते तिच्या डोळ्यांपुढं लख्ख होतं. झाडा-झाडात वीतभर जागा, वेलाला तुरीच्या काडीचा टेकू, आणि दुसऱ्या टोकाला, निंबाखाली, माय. तिकडून हाक यायची, वर्षे, खालच्या शेंगा पाह्य, खालच्या लपते. आता त्या टोकाला निंब होता. तिनं पानं बाजूला सारली. खालच्या शेंगा लपलेल्याच होत्या.

"दाट झालं," ती म्हणाली.

"बस? आनखी?"

आणखी एक उणं होतं. ते कोणाच्या हातानं भरणार नव्हतं. दिपाली उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या नखांत वावराची काळी माती अजून होती.

"आनखी काई नाई," वर्षाली म्हणाली. "ये, तोडू लाग."

"मी? घरच्यानं नाई तोडाव म्हनते नं?"

"मी सांगून राह्यली नं. ये."

धनंजय कॅमेरा घेऊन आला, तेव्हा दोघी वाकलेल्या होत्या. लिहू का यावर, त्यानं विचारलं. लिही, वर्षाली वर न बघता म्हणाली, पण पेरलं कोणी ते नावानं लिहिजो. अण्णाजी विहिरीच्या कठड्यावर बसून होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते त्या काळ्या रेघेच्या जागी आलेल्या हिरव्या गर्दीकडे, म्हणजे दोघींकडे, म्हणजे बहुतेक निंबाकडे, बघत होते.

संध्याकाळच्या गाडीला दिपालीनं शेंगांचं गाठोडं तिच्या मांडीवर दिलं. विमलाबाईची गाठ अशी असायची की घरी पोचल्यावर दातांनी सोडावी लागायची. नीलेश म्हणायचा, तुझ्या मायनं शेंगा दिल्या की कोंडून ठेवल्या? दिपालीची गाठ वाटेतल्या खरांगण्याच्या आधीच, एका खड्ड्यात, सुटली. शेंगा गाडीभर पसरल्या. बाकांखाली, पायांत, दारापर्यंत. लोक वाकले. एका म्हातारीनं ओंजळ भरून दिली, एका माणसानं टोपीत जमवून आणल्या. कोणाची लेक हो, माहेराहून का, म्हातारीनं विचारलं.

"हो," वर्षाली म्हणाली, "माहेराहून."

गाठ तिनं पुन्हा मारली नाही. गाठोड्याचं तोंड मुठीत घट्ट धरून ती आर्वी येईपर्यंत तशीच बसून राहिली. ओल्या शेंगांचा वास हाताला लागत होता.